हौद फोडण्यापूर्वी बूड वाजवून पाहा



आमचा थोरला मुलगा पुण्यात रंगकामाच्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. मोठ्या फ्लॅटांतून आणि लॉजांतून आंघोळीचे जे पांढरे टब असतात, ते जुने होऊन पिवळे पडले, टवके उडाले, की हा आणि त्याचे दोन सोबती जाऊन त्यांना नवा लेप देतात. टब जागचा हलवावा लागत नाही, फरशी फोडावी लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर चाकूरला आला, न्हाणीत आंघोळीला गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, लोकांचे टब आम्ही चकचकीत करून देतो, अन् आपल्या हौदाला हात घासला तर कातडं निघतंय."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या न्हाणीतला सिमेंटचा हौद चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. आतला गिलावा झिजून वाळूचे कण वर आले होते. पाण्याच्या रेघेवर पांढऱ्या क्षाराचा थर, नळीखाली तांबडा ओघळ आणि कोपऱ्यांत काळपट शेवाळ. पाणी तळाला गेले की तांब्या घालताना मुलांच्या आईच्या बोटांची पेरे खरचटत.

मुलाने लगोलग अंदाजपत्रक काढून आणले. हौद फोडायचा, छतावर प्लास्टिकची टाकी बसवायची, न्हाणीला चारी बाजूंनी टाइल लावायच्या. खर्च ४२,००० रुपये. घरात एवढी रक्कम नव्हती. बचत गटाचे कर्ज मिळण्यासारखे होते, पण ते धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखून ठेवायचे असे आधीच ठरले होते. दोन दिवस घरात याच गोष्टीचा खल चालला. शेवटी आई बोलली, "हौदाचं बूड शाबूत हाय का बघा आधी. वरचं कातडं गेलं म्हून कुणी भांडं फोडतंय व्हय?"

आईला या हौदाचे इतके का, हे मुलाला ठाऊक नव्हते. तिच्या लहानपणी विहिरीला आपला हात लागू देत नसत. घागर कडेला ठेवून, कोणी वरून ओतील याची वाट पाहत उभे राहावे लागे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतीखाली झोपायची सगळ्यांनाच धास्ती बसली. १९९४ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मागची भिंत उतरवून विटांची घातली आणि उरलेल्या विटा-सिमेंटातून हा हौद बांधला. आईने डोक्यावरून वाळू वाहिली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो, चाळणी धरून बसत होतो. आपल्या अंगणात, आपल्या हाताने भरायचे, आपल्या हाताने घ्यायचे असे हे पाणी होते.

पण केवळ आईच्या भावनेखातर मोडका हौद ठेवावा असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही कारकून माणूस, हिशेबाने चालतो. बी.कॉम.ला असताना आम्हाला 'घसारा' शिकवला. वस्तू वापरली की दरवर्षी तिची थोडी किंमत झिजते, ती वहीत वजा धरायची. त्याचबरोबर भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरकही शिकवला. नवी वस्तू उभी केली तर तो भांडवली खर्च. जुनी वस्तू कामाजोगी राहावी म्हणून केलेली दुरुस्ती हा महसुली खर्च. कर्ज काढायचे ते पहिल्यासाठी, तेही फार विचार करून. म्हणून हौदापुढे बसून पहिला प्रश्न हा विचारायचा: झिजले आहे ते नेमके काय, हौद की हौदाचे वरचे अस्तर?

ते कळण्यासाठी इंजिनिअर लागत नाही. वस्तीतले एक जुने गवंडी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांना आम्ही बोलावले. त्यांनी हौद रिकामा करून हातोडीच्या दांड्याने बूड आणि भिंती वीत-वीत अंतरावर वाजवल्या. जिथे भरीव आवाज येतो तिथे गिलावा विटेला धरून आहे. जिथे भदभद आवाज येतो तिथे तो सुटला आहे, तेवढ्यावर खडूने खूण करायची. दुसरी परीक्षा पाण्याची. हौद भरून पातळीवर पेन्सिलीची रेघ मारायची, वर पत्रा झाकायचा आणि कोणी पाणी न घेता एक दिवस-एक रात्र ठेवायचे. झाकलेल्या हौदातले पाणी उन्हाने फारसे उडत नाही. रेघेखाली बोटभर उतरले तर ते झिरपते आहे हे नक्की. आमच्या हौदात नळीजवळ तळहाताएवढा तुकडा पोकळ निघाला. बाकी सारे भरीव होते आणि रेघ जागेवर होती. आईचा अंदाज बरोबर ठरला.

मग हे अस्तर झिजले कशाने? पाणी हे एक कारण. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. असे जड पाणी वाळले की चुन्याचा पांढरा थर मागे ठेवते. पण खरे नुकसान आम्हीच केले होते. दरवर्षी वर्षावासापूर्वी साफसफाई म्हणून दुकानातून ॲसिडची बाटली आणायची आणि हौदात ओतायची. फसफस झाली, पांढरा थर गेला, की आम्ही खूश. पण ॲसिडला क्षारातला चुना कोणता आणि सिमेंटमधला कोणता हे कळत नाही. ते दोन्ही खाते. दरवर्षी सिमेंटचा पापुद्रा जाई आणि वाळू उघडी पडे. खडबडीत झालेल्या जागेवर पुढच्या वर्षी क्षार आणखी घट्ट बसे, मग ॲसिडही आणखी लागे. न्हाणीतल्या शहाबादी फरशीचेही हेच होते, कारण तो दगडच चुनखडीचा आहे.

ॲसिडची आणखी एक गोष्ट आमच्या माता-भगिनींनी पक्की ध्यानात ठेवावी. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्यावर ॲसिड ओतले, तर क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला विषारी वायू तो हाच. बंद न्हाणीत तो माणसाला बाहेर यायलाही वेळ देत नाही. ही दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत, एकामागून एकही वापरू नयेत.

दुरुस्तीचा एक प्रयोग आम्ही यापूर्वी केला होता आणि तो फसला होता. तेही सांगितले पाहिजे. २०१६ चा उन्हाळा वाचक विसरले नसतील. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. आमचा हौद सुमारे हजार लिटरचा, म्हणजे असे पाचशे हौद. त्या उन्हाळ्यात आमचा हौद कित्येक दिवस कोरडा होता आणि त्याच्या बुडाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. आम्ही हुशारी केली. पाच किलो सिमेंट आणले, पातळ कालवले आणि ब्रशने आतून फासले. चार महिन्यांत त्याचे पापड सुटून तांब्यात येऊ लागले. तात्यांनी आता त्याची कारणे सांगितली. खाली साबण आणि क्षाराचा थर तसाच होता, त्यामुळे नवे सिमेंट जुन्याला धरले नाही. कोरड्या गिलाव्याने सिमेंटमधले पाणी शोषून घेतले. आणि वर पाणी मारायला त्या दुष्काळात पाणी होते कुठे? सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. पाणी न मिळालेले सिमेंट म्हणजे नुसती राख.

या वेळी काम तात्यांच्या सांगण्याप्रमाणे झाले. पहिल्या दिवशी खडूची खूण केलेला पोकळ भाग छिन्नीने काढला. उरलेला क्षार आणि शेवाळ तारेच्या ब्रशने आणि विटेच्या तुकड्याने घासून काढले, ॲसिड मुळीच वापरले नाही. जुन्या गिलाव्यावर दोन-दोन बोटांच्या अंतराने बारीक टोचे मारले, म्हणजे नव्या मालाला धरायला जागा मिळते. धूळ झाडून हौद धुतला आणि रात्रभर ओली गोणपाटे लावून भिंतींना पाणी पिऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत ओलसर होती, पण पाणी साचलेले नव्हते. आधी सिमेंटचा घोल ब्रशने चोळला आणि तो ओला असतानाच वर माल चढवला. मालाचे प्रमाण एक घमेले सिमेंट, तीन घमेली चाळलेली वाळू. जलरोधक द्रव गोणीमागे जेवढा डब्यावर लिहिला आहे तेवढाच घातला, जास्त घातल्याने काम जास्त पक्के होत नाही. थर अर्ध्या इंचाचा. चारही कोपरे काटकोनात न ठेवता तात्यांनी बाटलीच्या बुडाने गोल केले, कारण चीर कोपऱ्यात पडते आणि शेवाळही तिथेच धरते. लाकडी रंध्याने सारखे केल्यावर वर नुसत्या सिमेंटची पोलादी थापीने घोटाई केली. कालवलेला माल तासाभरात संपवायचा, घट्ट झाल्यावर पाणी घालून पुन्हा सैल करायचा नाही. गोणी घेतानाही तिच्यावरचा आठवडा आणि वर्ष पाहावे. तीन महिन्यांहून जुनी किंवा खडे झालेली गोणी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

तात्यांनी हातमोजे घातल्याशिवाय कोणाला माल कालवू दिला नाही. ओले सिमेंट कातडी भाजते, आणि ते लगेच कळत नाही. आपल्या कितीतरी बहिणी बांधकामावर उघड्या हातांनी माल उचलतात, त्यांच्या बोटांच्या भेगांचे हेच कारण.

मग पाणी. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक (२०००) साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस ओल द्यायला सांगते. हल्ली दुकानात बहुधा राखमिश्रितच गोणी मिळते, म्हणून आम्ही दहा दिवस धरले. पहिला दिवस ओली गोणपाटे, दुसऱ्या दिवसापासून हौदात पाणी भरून ठेवले. हौदाची हीच सोय आहे, साठवलेले पाणीच त्याला पिकवते. हे पहिले पाणी अंगाला बुळबुळीत लागते, ते आंघोळीला किंवा पिण्याला घेऊ नये. आम्ही ते अंगण आणि संडास धुवायला वापरले.

आता वही उघडतो. सिमेंट एक गोणी ३८० रुपये. वाळू १५०. जलरोधक द्रव ६०. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर १२०. हातमोजे दोन जोड १००. तात्यांची दीड दिवसाची मजुरी १,३५०. एकूण २,१६०. नव्या न्हाणीचा खर्च याच्या एकोणीस पटींहून अधिक होता. एक रकाना मात्र आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला आहे. घासणे, पाणी वाहणे, दहा दिवस गोणपाटे ओली ठेवणे हे काम मुलांच्या आईने आणि मुलीने केले. त्याची मजुरी धरली नाही म्हणून खर्च कमी दिसतो, हे लिहून ठेवणे आम्हाला प्रामाणिक वाटते.

मुलाने पुण्याहून येताना आपल्या कामाचा दोन डब्यांचा लेप आणला होता. एका डब्यात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारे द्रव्य. 'एपॉक्सी' म्हणतात ती हीच. टबाला तो चालतो, कारण जुने टब ओतीव लोखंडाचे असतात आणि त्यांच्यावर आपल्या इनॅमलच्या मगासारखा काचेचा मुलामा भाजून बसवलेला असतो. साबण-तेल धुवून काढायचे, क्षार घालवायचा, वॉटरपेपरने जुनी चमक मारायची, टवके पुटीने भरायचे, टब पूर्ण कोरडा करायचा आणि दोन डब्यांतले डब्यावरच्या प्रमाणात मिसळून दोन पातळ हात द्यायचे. डब्यावर लिहिले आहे तितके दिवस पाणी लावायचे नाही. कोणाच्या घरी टब असेल, किंवा भंगारातून पाण्यासाठी आणला असेल, त्याने असे करावे. सिमेंटच्या ओलसर हौदाला मात्र तो लेप धरत नाही, फुगून सुटतो. शिवाय टंचाईत आपण हौदाचे पाणी पितोही. पिण्याच्या पाण्यासाठी चालतो असे डब्यावर स्पष्ट लिहिले नसेल तर कोणताही रंग हौदाच्या आत लावू नये.

लेपाचे बोलणे चालले असता आम्ही सहज विचारले, "जुना लेप निघत नसेल तर काय करता?" तो म्हणाला, "एक औषध आहे. ओतलं की दहा मिनिटांत रंग फुगतो. वास फार येतो. तोंडाला रुमाल बांधतो आम्ही." बाटलीचे नाव आम्ही विचारून घेतले आणि ते ऐकून आमच्या पोटात गोळा आला. ते मेथिलीन क्लोराइड होते. काही बाटल्यांवर त्यालाच डायक्लोरोमिथेन लिहितात. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाला नवा लेप देणारे किमान १३ कामगार या द्रवाच्या वाफेने मेले, अशी तिथल्या सरकारच्या रोगनियंत्रण खात्याने २०१२ साली नोंद केली. ही वाफ हवेपेक्षा जड. ती टबात साचते, आणि कामगार टबात वाकूनच खरवडत असतो. दार बंद, खिडकी लहान, सोबतीला कोणी नाही. गुंगी येते आणि माणूस तिथेच पडतो. रुमाल तर सोडाच, गाळणीचा साधा मुखवटाही या वाफेला पुरत नाही. तिथे २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी हा द्रव घरगुती ग्राहकांना विकणे बंद झाले आणि २०२४ मध्ये बहुतेक इतर वापरांवरही बंदी आली.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मागल्या महिन्यात एकाला चक्कर आली होती. आम्हाला वाटलं उपाशी होता."

वाचकहो, हौदाचा खर्च विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आपली मुले शहरात अशा शेकडो कामांवर आहेत. बाटलीवर काय लिहिले आहे ते त्यांनी वाचावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. हे औषध असेल तर नकार द्यावा आणि जुना थर वॉटरपेपरने ओला घासून काढावा. वेळ जास्त लागतो, पण ओल्यामुळे धूळही उडत नाही. एपॉक्सी लावतानाही दार-खिडकी उघडी, हातमोजे, रासायनिक वाफेसाठीचा गाळणीचा मुखवटा आणि बाहेर एक सोबती हवाच. हे साहित्य देणे ठेकेदाराचे काम आहे, तिघांनी मिळून मागितले तर ते मागणे जड जात नाही. रंगकामगारांची नोंद इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातही होते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या मुलाने तोवर ती केली नव्हती. त्याच सुट्टीत कागद गोळा केले.

शेवटी, दुरुस्ती कोठे करू नये तेही सांगतो. अर्ध्याहून अधिक गिलावा पोकळ वाजत असेल, भिंतीला आरपार चीर असेल, आतली सळई गंजून वर आली असेल किंवा पाणी घराच्या पायात मुरत असेल, तर वरून लेप देऊन स्वतःची फसवणूक करू नये. तिथे बूडच गेलेले आहे. तिथे कर्ज काढले तरी ते योग्य खर्चाला जाईल.

आमचा हौद आता हाताला गुळगुळीत लागतो. टबासारखा पांढरा नाही, सिमेंटच्या रंगाचाच आहे, आणि नळीजवळचा तुकडा जरा गडद दिसतो. दर रविवारी काथ्याने घासतो, ॲसिडची बाटली घरात येत नाही. मुलीचा प्रवेश झाला. आणि मुलगा पुण्याला परतताना आम्ही लातूरच्या बाजारातून गाळणीचा एक मुखवटा घेऊन त्याच्या पिशवीत घातला. ठेकेदार देईल तेव्हा देईल. वहीत तो खर्च आम्ही भांडवली म्हणून लिहिला आहे.